पोटातले पाहुणे

होटगी स्टेशनच्या बाकावर तो माझ्याशेजारी बसला होता. डोक्याला भलंमोठं पागोटं, पायाच्या अंगठ्याला मळकी पट्टी. लघवीतून साखर जाते, म्हणून जखम भरत नाही, हे मी न विचारताच त्यानं सांगितलं. डॉक्टरनं गूळ बंद केला होता आणि दह्यातल्या जिवंत जंतूंच्या विलायती गोळ्या दिल्या होत्या.

त्यानं एक गोळी कपाळाला लावून गिळली. मग कनवटीचा गुळाचा खडा काढला, तोंडात टाकला आणि वर तांब्याभर पाणी प्यायला.

"अहो, गूळ बंद आहे ना तुम्हाला?"

"मला बंद हाय की. ह्यो त्यास्नी." त्यानं पोटावर हात ठेवला. "बोटीतनं आलेत बिचारे. दारात आलेल्याला गूळपाणी द्यायचं न्हाय व्हय?"

ही रीत माझ्याही घरची.

गाडी आली. तो लंगडत डब्यात चढला आणि मला म्हणाला, "जरा सरका की. आमी लई जण हाय."

मी सरकलो. त्याच्या पट्टीवर एक माशी येऊन बसली. तिलाही त्यानं हाकललं नाही.