डाव्या हाताची कुऱ्हाड

राग्नहिल्ड नॉर्वेच्या हार्डांगर खाडीकाठी लाकडी होड्या बांधायची. शेडला आग लागली तेव्हा हत्यारं वाचवायला ती आत धावली. हत्यारं गेलीच, पण उजव्या हाताची बोटंही भाजून कायमची आखडली.

जखमा भरल्यावर ती बर्गनला तोरलाइफच्या दुकानात नवी हत्यारं घ्यायला गेली. रंधा उचलला, तो निसटला. पटाशी धरली, तीही खाली पडली.

"मला दुसरं काहीच येत नाही रे, तोरलाइफ," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "आता मी करू काय?"

तोरलाइफने आतल्या खोलीतून लाकूड तासायची एक कुऱ्हाड आणली. तिची धार डावखुऱ्यांसाठी उलट्या बाजूला होती.

"या वयात पुन्हा मुळाक्षरं गिरवू?"

"गिरव. घरी बसून मोजे विणायचे म्हटले तरी दोन हात लागतात, बाई!"

हिवाळाभर फळ्यांमागून फळ्या वाया गेल्या. ती वैतागून कुऱ्हाड बर्फात भिरकावायची, रडायची आणि शिव्या घालत पुन्हा उचलून आणायची.

उन्हाळ्यात तिने त्या कुऱ्हाडीने घडवलेली पहिली होडी पाण्यात लोटली. तळाशी घोट्याइतकं पाणी शिरलं. राग्नहिल्ड ते डाव्या हाताने उपसत राहिली. होडी बुडाली नाही.