फ्यूजवरची चांदी

आज माझ्या गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात वायर जळाल्याचा वास आला. त्या वासासोबत शब्बीरभाई आठवतात आणि माझी मलाच किळस येते.

ते आमच्याकडच्या भूम-वाशी रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचे. वीसेक वर्षांपूर्वी मी त्यांच्या जीपमध्ये मोठा अॅम्प्लिफायर बसवला. बॅटरीपासून जाड वायर ओढायची सोडून मी घराच्या फिटिंगची उरलेली बारीक वायर ओढली. फ्यूज सारखा उडायला लागला, तर त्याच्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळली, म्हणजे वायर कितीही तापली तरी वीज तुटायची नाही. "आता बघा, उडतच न्हाय!" असं वर ऐटीत म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात, गाणं जोरात चालू असताना, सीटखालून धूर निघाला. शब्बीरभाईंनी जळती वायर हातानं उपटली. वितळलेलं काळं प्लास्टिक तळव्याला चिकटलं आणि कातडीसकट निघालं. मी धावत पोचलो, तर तेच ओशाळले.

"तुमचा कायबी कसूर न्हाय, शेठ. आवाज म्याच लई वाढवला, व्हय ना?"

मी म्हणालो, "व्हय."

त्या हातानं पुन्हा स्टिअरिंग धरता आलं नाही. जीप विकावी लागली. वाटेत भेटले की अजूनही तोच आखडलेला हात उचलून आधी सलाम तेच करतात.