दोन ठिपक्यांचा एक्सल

चेरीतालच्या गल्लीत बाबारावांची ओळख एकच, लोकल माणूस. कुकरची रिंग लोकल, मिक्सरचं भांडं लोकल, स्कूटरचा क्लच लोकल. पायातली चप्पल कोणत्या कंपनीची म्हणून कोणी विचारलं तर ते पाय उचलून तळवाच दाखवत. नावच नाही! "नाव खोदाचे पैसे आपण काहून द्याचे?" हे त्यांचं ठरलेलं बोलणं. आणि ते उगीच नव्हतं बरं का. माणूस तेहेतीस वर्षं फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये होता. कंपनीच्या डब्यातला माल आणि बाजारातला लोकल माल एकाच लेथवरून उतरताना त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. डब्याचं कौतुक त्याला कुठून असणार?

धाकटा भाऊ नथ्थू बरोबर उलटा. त्याला साबणसुद्धा कंपनीचा लागे, आणि कंपनी बदलली तर आंघोळ झाल्यासारखी वाटत नसे. "दादा, तुम्ही लोकल, मी कंपनीचा. एकाच घरात दोन दुकानं चालून राहिली," असं तो म्हणे, आणि त्याची बायको अंजनी पोळ्या लाटता लाटता हसे. बाबारावांची बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नथ्थू आणि अंजनी हेच त्यांचं घर. रिटायर झाल्यावर त्यांनी नथ्थूला पिकअप घेऊन दिली, अगदी कोरी, आणि नथ्थू भेडाघाटहून संगमरवराच्या मूर्ती आणि तुळशीवृंदावनं शहरात आणू लागला. गादीसारखं गवत अंथरून, गणपतीला दोरी बांधून, सावकाश. सहा वर्षं एका मूर्तीचं बोट मोडलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीआधी नथ्थूचा फोन आला. गाडीचा मागचा एक एक्सल गेला, गाडी हल्के मिस्त्रीकडे उभी आहे, तुम्ही ओमतीच्या बाजारातून पाठवून द्या. एक्सल म्हणजे चाकाला फिरवणारा लोखंडी दांडा. मागे दोन असतात, डावा आणि उजवा, आणि त्या गाडीला दोन्ही सारखेच. बाबाराव ओमतीला अनिमेषच्या दुकानात गेले. अनिमेषनं काउंटरवर दोन दांडे ठेवले, एक कंपनीचा डब्यातला, एक लोकल, तेल लावून कागदात गुंडाळलेला. बाबारावांनी विचार केला का? छे! चप्पल घ्यावी तसा लोकल उचलला.

त्या दुकानाची एक रीत आहे. गिऱ्हाईक भलत्याच दुकानाचा मोडका माल आणून "बदलून द्या" म्हणतं, म्हणून अनिमेषचे वडील विकलेल्या प्रत्येक नगावर पंचानं दोन ठिपके ठोकत. पोरानंही तेच चालू ठेवलं. एक्सलच्या डोक्याला जी चकती असते, जिच्यावर चाक बसतं, तिच्यावर टक टक असे दोन ठिपके पडले, आणि एक्सल ऑटोतून हल्के मिस्त्रीकडे रवाना झाला. तो कोणत्या बाजूला बसला, हे बाबारावांनी विचारलंही नाही.

दोन महिन्यांनी, पौषात, भेडाघाटहून भरून येताना मागचा एक्सल तुटला. चाक निघून गेलं, गाडी उलटली आणि नथ्थू जागच्या जागी गेला.

ग्वारीघाटावर, चितेपाशी, नातेवाइकांपैकी कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "लोकल टाकला होता म्हणे." कोण म्हणालं, बाबारावांनी मान वळवून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती, ते खरंच होतं. मग दहाव्याच्या दिवशी अंजनी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, तुम्ही लोकल काहून टाकला?"

मग ती आत गेली. त्यानंतर अकरा महिने ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. चहा वेळेवर यायचा, ताट वेळेवर वाढलं जायचं, मीठसुद्धा चुकायचं नाही. पण काही सांगायचं झालं की ती भिंतीला सांगायची, "गॅस संपला," नाहीतर "लाइट गेली." बाबाराव उठून सिलिंडर घेऊन यायचे.

बाबारावांना त्या काळात काही वाटत नव्हतं. लोकांना वाटे, म्हातारा आतल्या आत रडतोय. कसलं काय! रडू आलं असतं तर त्यांनी देवाला नारळ फोडला असता. चहावर साय धरायची आणि ती ते तशीच गिळायचे. थंडीत स्वेटर उलटा घालून बाजारात जाऊन आले, कोणी सांगितलं तर "हो का" म्हणाले आणि तसाच ठेवला. एकदा शेजाऱ्याच्या मोटारसायकलच्या तापल्या सायलेन्सरला पोटरी लागली, कातडी गेली, आणि त्यांना ते संध्याकाळी पाय धुताना कळलं. भाजी घेताना घासाघीस सोडली. भाजीवालीच म्हणाली, "काका, कुछ तो कम कराओ, अच्छा नहीं लगता." नथ्थूच्या फोटोकडे पाहिलं की वाटे, आता काहीतरी होईल. काहीच व्हायचं नाही. आपण माणसातून उठलो, असं त्यांना वाटे, आणि ते वाटणंही बर्फावर ठेवल्यासारखं गार.

गाडी पोलिसांकडून सुटून क्रेननं घरी आली होती. क्रेनवाल्यांनी निघालेलं चाक कसंबसं जागी अडकवून दिलेलं. बाबारावांनी गल्लीच्या टोकाला तिच्यावर ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी दोरी आवळली, आणि त्या दोरीला कोणाला हात लावू दिला नाही. इन्शुरन्सवाला आला तरी तोंड फिरवून उभे राहिले.

मार्गशीर्षात अंजनीच्या भावाचा, धनेशचा, गोंदियाहून फोन आला. त्याचं काम सुटलं होतं, पिकअप मी चालवतो म्हणाला. त्या संध्याकाळी चहा ठेवताना अंजनी भिंतीला म्हणाली, "धनेश येऊन राहिला सोमवारी. गाडी दुरुस्त कराची आहे." जरा थांबून म्हणाली, "कोणता एक्सल टाकाचा ते पाहून टाका म्हणावं. माझा भाऊ बसणार आहे तिच्यात." जाता जाता दारातून पुन्हा म्हणाली, "आणि तो तुटलेला घरी आणा म्हणावं. मले पाहाचा आहे."

मिस्त्री लोकांची रीतच आहे, काढलेला जुना माल गिऱ्हाइकाला परत द्यायचा, म्हणजे नवा खरंच टाकला याची खात्री. तेव्हा अंजनीचं मागणं काही जगावेगळं नव्हतं. पण बाबारावांनी चहा तसाच ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून दमोहनाक्याच्या अलीकडे हल्के मिस्त्रीकडे नेली. हल्के मिस्त्री पन्नाशीचा, बुंदेली वळणाचं हिंदी बोलणारा, अंगानं काटक माणूस. नथ्थूचं आणि त्याचं चांगलं जमे. बाबारावांना पाहून तो हात पुसत उठला, पण नजर वर करेना. स्टूल पुढे सरकवलं आणि जॅक लावायला गाडीखाली गेला.

उजवं चाक हातानंच निघालं. त्याच्याबरोबर तुटक्या एक्सलचा तुकडा आला, वितभर दांडा आणि डोक्याची चकती. हल्केनं डिझेलच्या फडक्यानं चकती पुसली आणि बाबारावांच्या पायाशी ठेवली. बाबाराव पाहत राहिले. एवढासा तुकडा! मग तेहेतीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी तो उचलला आणि उलटसुलट केला. चकतीवर कंपनीचा उठावाचा छाप होता, नंबर होता. ठिपके नव्हते.

त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिलं. खिशातून चष्मा काढून पाहिलं. मग म्हणाले, "हल्के भैया, दूसरा निकालो."

हल्के डाव्या बाजूला गेला. चार बोल्ट सुटले आणि अख्खा दांडा सरळ बाहेर आला, ना वाकलेला ना घासलेला, तेलानं चकचकीत. त्याच्या चकतीवर शेजारी शेजारी दोन ठिपके.

लोकल धड होता. तुटला होता तो कंपनीचा, सहा वर्षं दगड ओढलेला. हल्केनं तुटल्या जागेवर बोट ठेवलं. कडेला तांबूस गंजलेला जुना तडा आणि मधे थोडंसं ताजं लोखंड. आत कधीपासून चिरत आलं होतं, कोणाला दिसणार?

"आपको मालूम नहीं था, कौन सा टूटा?" हल्के म्हणाला.

"नहीं," बाबाराव म्हणाले.

"मैंने नथ्थू से बोला था, जोड़ी बदल दे. एक गया है तो दूसरा भी उतना ही चला है." हल्के उकिडवा बसला, फडकं हातात पिळत. "हँसने लगा. बोला, दूसरा कंपनी का है हल्के भैया, वो मेरे बाद भी चलेगा. मैंने भी छोड़ दिया. हाथ पकड़ के बदल देता तो... क्या मुँह लेके आता आपके घर?"

बाबाराव स्टुलावर बसून राहिले. अकरा महिने! अकरा महिने ते 'लोकल काहून टाकला' हे एकच वाक्य गळ्यात बांधून हिंडले होते, आणि ते वाक्य त्यांना लागूच नव्हतं. आता हलकं वाटायला हवं होतं. पण आनंद नाही, राग नाही, काही नाही. फक्त नथ्थूचं ते हसणं कानात ऐकू आलं, आणि एक गोष्ट लख्ख समजली. आता घरी जाऊन अंजनीला म्हणता येईल, बघ, माझा नव्हता. अंजनी ऐकून घेईल. तिचं तोंड उघडेल, घर मोकळं होईल.

आणि मग? मग ती तोच प्रश्न नथ्थूच्या फोटोला विचारेल. तुम्ही जोडी काहून नाही बदलली? रोज दिवा लावताना विचारेल. आपल्या नवऱ्यानं हसत हसत स्वतःचं मरण ठेवून घेतलं, हे घेऊन ती कुठे जाईल? बाबारावांवर रागावता तरी येतं. समोर बसलेला असतो, ताट वाढून त्याच्याशी अबोला धरता येतो. मेलेल्या माणसाशी अबोला कसा धरायचा?

त्यांनी दोन्ही नग पोत्यात बांधले आणि ओमतीला गेले. अनिमेष त्यांना पाहून गादीवरून उठलाच. वर्षभर तो त्यांना टाळत होता. बाजारात समोरून दिसले तर गल्ली बदलायचा. "काका..." म्हणाला आणि काउंटरवरचा माल बाजूला सारू लागला. बाबारावांनी ठिपक्यांचा एक्सल काउंटरवर ठेवला.

"देख ले, तेरा वाला नहीं टूटा. एकदम सीधा है."

अनिमेषनं तो हातात घेतला, ठिपक्यांवरून बोट फिरवलं. त्याचे डोळे भरून आले. बाबारावांना त्याचा हेवा वाटला, कसं पटकन येतं एकेकाला!

"तो लोकल ही दूँ, काका?" जरा सावरून त्यानं विचारलं. "आप तो वही..."

"नहीं. कंपनी का. जोड़ी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "और ये टूटने वाली बात हमारे घर तक नहीं आनी चाहिए. हल्के को भी बोल के आया हूँ."

अनिमेषला काय समजलं, काय नाही, देव जाणे. त्यानं डब्यातून दोन एक्सल काढले, टक टक ठिपके ठोकले, आणि बाबारावांनी घासाघीस न करता ते घेतले. धड असलेला लोकल ते तिथेच सोडून आले. ज्यानं काही बिघडवलं नाही, त्याला घरी नेऊन काय सांगायचं होतं?

संध्याकाळी घरी आले तेव्हा अंजनी ओट्याशी मेथी निवडत होती. बाबारावांनी तिच्यासमोर पोतं सोडलं आणि तो तुटका तुकडा फरशीवर ठेवला. येताना नवी जोडी द्यायला हल्केकडे थांबले, तेव्हा त्यांनी त्या तुकड्यावर बोटभर ग्रीस थापून आणलं होतं. छाप, नंबर सगळं खाली गेलेलं.

अंजनीनं हात पदराला पुसले. खाली बसली. बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहिलं. मग एका बोटानं त्याला थोडंसं ढकललं, जिवंत आहे का पाहावं तसं.

"हाच का लोकल?" तिनं विचारलं. भिंतीला नाही, त्यांच्याकडे पाहून.

"हो," बाबाराव म्हणाले. "हाच."

"आता कोणता टाकला?"

"कंपनीचा. दोन्ही बाजूंना."

"तेव्हाच टाकला असता तर, दादा..."

अकरा महिन्यांत बाबाराव ज्याचं उत्तर देऊ शकले नव्हते, ते आता सरळ तोंडातून आलं. "हो. चुकलो मी, अंजनी. माह्या हातून गेला तो."

अंजनीचा चेहरा एकदम फुटला. ती मोठ्यानं रडू लागली, दहाव्याला रडली नव्हती ते सगळं. "ते म्हणत होते ना तुम्हाले, दादा, कंपनीचंच घ्या म्हणून... त्यांचं काहून नाही ऐकलं..." असं म्हणत म्हणत रडली. बाबाराव समोर बसून राहिले. ती रडत होती आणि नथ्थू बरोबर ठरत होता. शहाणा, जपून गाडी चालवणारा, कंपनीचा.

खूप वेळानं ती उठली, तोंड धुतलं, गॅसवर तवा ठेवला. "तो तुकडा बाहेर ठेवा," ती म्हणाली. "आणि हात धुवा, ग्रीस लागलं आहे. गरम गरम जेवून घ्या, दादा."

बाबाराव मोरीवर गेले. साबणाची वडी कंपनीची होती, नथ्थू आणायचा तीच; कंपनी अंजनीनं बदलली नव्हती. हाताला ग्रीस घट्ट बसलं होतं. ते चोळत राहिले, आणि चोळता चोळता पोटरीवरची ती जुनी भाजलेली जागा ठणकायला लागली, सणसणून, आजच भाजल्यासारखी. त्यांनी नळ मोठा सोडला, म्हणजे आत त्यांचा आवाज जायला नको.