दिवा न लावलेली संध्याकाळ

आमच्याकडे त्या पक्ष्याचं नाव घेत नाहीत. आई त्याला ‘पांढरं’ म्हणते, चुलते ‘पावना’ म्हणायचे. मीही इतकी वर्षं नाव घेतलं नाही. घुबड. आता लिहिलं. बाकीचंही लिहून टाकतो, कारण सांगायला तोंड उघडलं की दरवेळी दुसरंच काहीतरी बोलून मी गप्प बसलो आहे.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, ओढ्यापलीकडे आमचं घर. तेव्हा बाबांचं डावं अंग लुळं पडलं होतं. मुरबाडच्या दवाखान्यातून घरी आणून माजघरात, भाताच्या कणगीशेजारी त्यांची खाट टाकली होती. वाचा जवळजवळ गेलेली. एखादा शब्द यायचा, तोही विहिरीतून ओढून काढल्यासारखा. मी कल्याणला नोकरीला, आसनगावहून जाऊन-येऊन. त्या दिवसांत रजा काढून घरी होतो.

पौषातली सकाळ होती. कौलांवर कावळ्यांचा एकच गिल्ला उठला, आणि भिंत नि कौलं यांच्या फटीतून काहीतरी आत आलं. आवाज काहीच नाही, फक्त हवा हलली. वर पाहिलं तर बाबांच्या खाटेच्या बरोबर वर, तुळईवर ते बसलेलं. पांढरा, चपटा चेहरा. डोळे अर्धवट मिटलेले. झोपलेल्या माणसाच्या घशातून यावा तसा फुसफुस आवाज करत होतं.

आई चुलीपाशी होती. तिने पाहिलं, पदर तोंडावर घेतला आणि चुलीतली लाकडं मागे ओढली.

शेजारून चुलते आले. त्यांनी उंबऱ्यातूनच मान वर केली आणि मला म्हणाले, “सायेब, तुमच्या हापिसात येत नसंल असा पावना.” मग आवाज उतरवून एकेक सांगत गेले. काही फेकून मारायचं नाही, दगड तर नाहीच. मारलेला दगड ते झेलतं आणि नेऊन पाण्यात टाकतं. पाण्यात तो झिजत जातो, तसा मारणाराही झिजत जातो. कावळे बसलेत तोवर ते बाहेर पडणार नाही. तिन्हीसांजेला कावळे गेले की दारं उघडी टाकायची, चूल-दिवा काही नको, आणि घर रिकामं करायचं. घरातलं आजारी माणूस आधी बाहेर काढायचं. ते जाताना आत एकटं कोणी राहता कामा नये.

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, उंदरांच्या मागावर आलंय, कणगीतले उंदीर खाईल तर बरंच आहे की.

तेवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण दुपारपर्यंत ती फुसफुस ऐकून माझंच डोकं फिरलं. ओटीवर लांब बांबू होता तो घेतला. आई नको म्हणाली. दगड थोडाच मारतोय, असं म्हणून मी तुळईवर बांबू टेकवला. ते खाली आलं. पंख पसरल्यावर केवढं मोठं दिसतं ते मला माहीत नव्हतं. खाटेवरून बाबांच्या तोंडाला घासत गेलं, भिंतीला आपटलं आणि पुन्हा वर, जिथे होतं तिथेच जाऊन बसलं. गोधडीवर त्याने ओकलेली, केसांची नि बारीक हाडांची एक ओलसर गोळी पडली होती. आईने ती पळसाच्या पानात उचलली. बाबांची नजर वर खिळली होती. ती मग दिवसभर तिथून हलली नाही.

ऊन कललं तसे चुलते पुन्हा आले, सोबत दोघे गडी. खाट उचलायची म्हणाले. मी आडवा गेलो. डॉक्टरांनी गार वारा लागू द्यायचा नाही म्हणून बजावलं होतं, आणि ते खरंही होतं. पण खरं सांगायचं तर दुपारच्या फजितीनंतर मला त्यांचं ऐकायचं नव्हतं.

“मी बसतो बाबांजवळ,” मी म्हणालो. “एकटं नाय ना राहिलं कोणी? झालं तर.”

चुलत्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “बस रे. पन उठू नको.”

कावळे एकेक करून गेले. सगळे पुढच्या अंगणात जाऊन उभे राहिले. देवापुढेही दिवा लागला नाही. आमच्या घरात दिवेलागणीला काळोख असलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. कणगी दिसेनाशी झाली, मग भिंत, मग बाबांचा चेहरा. तुळईवरचं पांढरं तेवढं दिसत राहिलं. फुसफुस थांबली होती. त्याने डोळे पूर्ण उघडले असावेत असं मला वाटलं, आणि सकाळपासून हसणाऱ्या माझ्या पाठीला घाम फुटला.

बाबांनी माझी बाही धरली होती. चांगल्या हाताने, घट्ट. घशातून शब्द आला, “नको.”

मी म्हणालो, “पानी आणतो बाबा. आलो हां.”

त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली. मागच्या दाराने बाहेर पडलो आणि पेंढ्याच्या उडवीला पाठ लावून उभा राहिलो. पाण्याची कळशी दाराशीच होती. तिच्याकडे मी पाहिलंही नाही. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तरी गेलो नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. मग कौलांवरून ते ओढ्याकडे गेलं, कापूस उडावा तसं, काही आवाज न करता. अंगणातून चुलते म्हणाले, गेलं, गेलं.

मी धावत आत आलो आणि आईने दिवा लावायच्या आत खाटेजवळ येऊन बसलो. उजेड झाला तेव्हा बाबांचा हात खाटेखाली लोंबत होता आणि औषधाची बाटली खाली फुटलेली होती. ते माझ्याकडे बघत होते.

आईने त्यांच्या तोंडावरून हात फिरवला, मग विचारलं, “ह्यो बसला व्हता ना जवळ?”

बाबांना शब्द काढायला वेळ लागला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“व्हता,” ते म्हणाले.

पेरणीच्या आधी बाबा गेले. दुसरा झटका. त्याचा पक्ष्याशी संबंध नाही हे डॉक्टरांनी सांगितलं नसतं तरी मला कळतंच. मला दुसरं माहीत आहे. त्या मधल्या दिवसांत त्यांनी माझ्याकडे पुन्हा कधी पाणी मागितलं नाही. तहान लागली की आई विहिरीवरून येईपर्यंत दाराकडे बघत पडायचे. मी पेला पुढे केला तर तोंड मिटून घ्यायचे. आई म्हणायची, आजारपणात मानूस हट्टी होतं. आणि आल्यागेल्याला सांगायची, माझा पोरगा काळोखात बसून व्हता बापाजवळ, म्हनून तवा काय वंगाळ झालं नाय. मी ऐकत राहायचो. एकदाही तिला अडवलं नाही.

चुलते आता नाहीत. आईचा खुबा मोडलाय, बाबांच्याच खाटेवर ती पडून असते, त्याच तुळईखाली. कणगी गेली, तिथे प्लास्टिकची पिंपं आली. कौलांची फट मी दरवर्षी बुजवतो आणि माकडं दरवर्षी उघडतात.

आज सकाळी कावळे ओरडले. मी आत जाऊन वर पाहिलं.

बांबूला हात लावला नाही. आईला उचलून बाहेर न्यायला चार माणसं बोलावतो म्हणालो, तर खुब्याला कळ येते म्हणून ती नको म्हणाली. “तू हायस ना,” म्हणाली. “तवा बसला व्हतास तसा बस.”

दिवसभर तिला खरं सांगायचं मनात घोळवत होतो. दोनदा खाटेपाशी गेलो, आणि दोन्ही वेळा गोधडी नीट करून परत आलो. मग ओटीवर बसून हे लिहायला घेतलं.

आता कावळे गेलेत. पुढचं-मागचं, दोन्ही दारं उघडली आहेत. पाण्याचा तांब्या आधीच भरून खाटेशी ठेवला आहे. दिवा लावलेला नाही. थोडा उजेड आहे तोवर खाटेवर तिच्या शेजारी बसून हे शेवटचं लिहितो आहे. मी बसल्याबरोबर तिने चाचपडून माझं डावं मनगट धरलं. माझी आई तशी हात धरणारी बाई नाही. आणि तिची ती पकड मायेची नाही, म्हैस खुंट्याला बांधताना दावं आवळावं तशी आहे. तिला ठाऊक असावं. पहिल्यापासूनच असावं.

वर फुसफुस थांबली आहे.