दोन्ही हात

सातिवलीच्या ज्या कारखान्याच्या गाळ्यात मी प्रेस मशीनवर पत्र्यातून डब्यांची झाकणं कापून काढतो, तिथे मला काम शिकवलं ते काकांनी. नात्याचे नव्हेत, सगळ्यांचेच काका. प्रेसवर बसण्याआधी ते दोन्ही तळवे मशीनवर टेकवायचे, डोळे मिटून एक श्वास घ्यायचे, मग दोन्ही बटणं एकेक करून तपासायचे. तेवढ्यात आमची चार झाकणं निघायची.

"काका, मशीन म्हणजे देव आहे काय?" मी चिडवायचो.

"देव नाही म्हणून तर," ते म्हणायचे. "देव माफ तरी करतो."

दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येतो. म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण आम्ही पडलो शहाणे! उजव्या बटणात पुठ्ठ्याची घडी कोंबायची, ते दाबलेलंच राहतं. मग उजवा हात पत्रा सरकवायला मोकळा आणि काम झपाझप. सगळेच करायचे, काका सोडून.

त्या शनिवारी मुलीचं शाळेत गॅदरिंग होतं, चारला विरारला पोचायचं होतं. माल न्यायला टेम्पो दारात उभा, माझी झाकणं अजून बाकी, बायकोचे फोनवर फोन. काकांचं काम आटपलं होतं. "जा तू, मी उरकतो," म्हणत ते माझ्या मशीनवर बसले. सवयीने तळवे टेकवायला गेले, तर मी खेकसलो, "अहो काका, राहू द्या ना आज तुमची पूजा! टेम्पोवाला बोंबलतोय."

ते हसले आणि हात उचलले. मी चपला घालत होतो. पुठ्ठ्याचं माझ्या ध्यानातही नव्हतं. एका बटणाने साचा खाली येत नाही या भरवशावर काकांनी डावा हात बटणावर ठेवला आणि उजव्याने पत्रा सरळ करायला घेतला.

तीन बोटं गेली. मालकाने मशीन पाहिली, तेव्हा बटणात काहीच नव्हतं. मशीनच बिघडली असणार, असं ठरलं. पुठ्ठा कुठे पडला असेल म्हणून मी मशीनखाली बघितलं, पण तोंड उघडलं नाही. भेकड लेकाचा!

दोन महिन्यांनी त्यांच्या घरी गेलो. काकू भाजी आणायला गेल्या होत्या. काकांनी डाव्या हाताने चहा गाळला, निम्मा ओट्यावर सांडला. मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुम्ही मला उचलत होतात ना, तेव्हाच पुठ्ठा ओढून मुठीत धरला. मालकाने बघितला असता तर तुला त्याच दिवशी काढलं असतं. पोर शिकतंय तुझं."

मी उठून ओटा पुसला. चहा निवला.

"आता तरी हात टेकवतोस का, बसण्याआधी?" त्यांनी विचारलं.

"टेकवतो."

"दोन्ही?"

मी हो म्हणालो आणि त्यांच्यासमोरच रडलो.