शहर कसं पडलं ते राहून गेलं

खंडेराव मार्केटात मी पापडीच्या शेंगा निवडत होतो, तेव्हा शेजारच्या जिग्नेशचा फोन आला. "काका, जल्दी घरे आवो." काय झालं ते सांगेना. भाजीवालीनं तोललेली पापडी तिथंच टाकून निघालो. घरी पोचलो तर माझी बायको निर्मला गेलेली होती. हार्ट. सकाळी तिनंच मला पिटाळलं होतं, "अहो, शनिवारी हेमंत येतोय, उंधियूला पापडी कोवळी बघून आणा. तुमच्या गळ्यात कुणी काहीही मारतं." मुलगा शनिवारी यायचा होता. ही गुरुवारी गेली.

ती इथं बडोद्यात मराठी शाळेत इतिहास शिकवायची. मी मकरपुऱ्यातल्या कारखान्यात लेथवर, शिक्षण सातवी. तिचे वडील लवकर वारले म्हणून, नाहीतर मला कोण देत होतं अशी मुलगी! शाळेत ती पुस्तकातलं शिकवायची, पण घरी तिची लाडकी गोष्ट एकच, सिराक्यूज शहराची. इटलीच्या पायाशी एक बेट आहे, त्यावरचं हे शहर, दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिथला तो म्हातारा शास्त्रज्ञ, अंघोळीला बसल्यावर पाणी वर चढलं ते बघून शोध लागला म्हणून उघडाच रस्त्यानं पळाला, तोच. त्याचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. मी आपला म्हणायचो, "तुझा तो नागडा." ती चिडायची, "अहो, मुलासमोर!" रोमन आरमार चालून आलं तेव्हा या म्हाताऱ्यानं यंत्रं केली. तटावरून लोखंडी पंजा खाली सोडायचा, जहाजाचं तोंड धरून उचलायचं आणि वरून सोडून द्यायचं. निर्मला परातीत पाणी घ्यायची, वाट्या म्हणजे जहाजं. सांडशीनं वाटी उचलून तिनं धप्पकन टाकली की हेमंत टाळ्या पिटायचा आणि गोष्ट तिथंच सोडून पळायचा... दोरा, चाप, काड्यापेटी घेऊन स्वतःचा पंजा बनवायला. "अरे, पुढचं ऐक की!" पुढचं त्यानं कधीच ऐकलं नाही. तीही हसून हात पुसायची. पोरगं हुशार आहे असं तिला वाटायचं. होतंच.

आता तो हैदराबादेत एका कंपनीत ड्रोन बनवतो. लग्नात फोटो काढतात ते नव्हेत, बॉम्ब टाकणारे. मी त्याला नावं ठेवत नाही. लढाई आली तर कुणीतरी ते करायलाच हवं. पण टीव्हीवर पडलेली घरं दिसली की हिचा घास हातातच राहायचा. "माझ्या गोष्टीनं झालं हे." मी म्हणायचो, "गोष्टीनं कोण बॉम्ब बनवतं? पगारानं बनवतात. जेव गुपचूप."

ती जाण्याच्या आधीच्या आठवड्यात तो फोनवर मजेत म्हणाला, "आई, तूच ना सांगायचीस, एका माणसाच्या डोक्यानं अख्खं शहर वाचलं?"

"शहर कुठं वाचलं रे?"

"म्हणजे?"

ही म्हणाली, "तू घरी ये. मग सांगते."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अगं, सांगून टाकायचं की आत्ताच." तर म्हणे, "अहो, शेवट समोर बसवून सांगायचा असतो." नोकरी सोड असं ती त्याला सांगणार नव्हती, एवढं मी तिला ओळखतो. पोरगा अर्धीच गोष्ट घेऊन जगतोय, हे मात्र तिला सोसवत नव्हतं... फोनवरच सांगितली असती तर? निदान तिच्या तोंडून तरी ऐकली असती त्यानं.

तेरावं झाल्यावर बॅग भरताना हेमंतनं विचारलं, "बाबा, आई काय सांगणार होती?"

मी शंभरदा ऐकलेली गोष्ट. म्हटलं, "सणाचा दिवस होता. पहारेकरी दारू पिऊन पडले. रोमन शिड्या लावून वर चढले. यंत्रं होती तिथंच राहिली. शहर पडलं. म्हाताऱ्याला एका शिपायानं मारलं."

तो वाट बघत राहिला. मग म्हणाला, "एवढंच?"

"एवढंच."

त्यानं बॅगेची चेन ओढली, पाया पडला आणि गेला. त्याचं काय चुकलं? बसच्या वेळा सांगाव्यात तशी सांगितली मी.

आमच्या गॅलरीत हिंचका आहे, झोपाळा. ती उजवीकडे बसायची, मी डावीकडे. एकटा माणूस कडेला बसला की हिंचका तिरका चालतो, पण मध्ये सरकून बसवत नाही. हेमंत होळीला येतो म्हणालाय, तोवर मला तो शेवट सांगता यायला हवा. म्हणून संध्याकाळी तिथं बसून मी मोठ्यानं सांगून बघतो. जिग्नेशची बायको डोकावते, कुणाशी बोलताय म्हणून विचारते, "काका, कोनी साथे वातो करो छो?" मी पुढं सांगत जातो. शहरात जाळपोळ चाललीय, म्हातारा वाळूत आकृती काढत बसलाय, शिपाई तलवार घेऊन समोर उभा, आणि हा मान वर करत नाही... इथं निर्मला थांबायची. मग मलाच राहवायचं नाही, मी विचारायचो, "मग?" मीही इथपर्यंत येतो. थांबतो. नुसत्या हिंचक्याच्या कड्या करकरतात.