वच्छलाबाईंची पाणमांजरं

घुग्घुसला वच्छलाबाईंची खानावळ आहे. समोरच्या रस्त्यावरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. टेबल कितीदाही पुसा, बोट फिरवलं की काळंच. म्हणून रविवार उजाडला की बाईंचा पाय घरात ठरत नाही. खानावळीला कुलूप लागतं. मोटारसायकलवर पुढे नवरा गुणवंतराव, मागे त्या. मांडीवर भाकरीचा डबा, गळ्यात दुर्बीण आणि काखेत रिकामी पोती.

पोती कचऱ्यासाठी. जंगल पाहायचं आणि तिथं पडलेल्या बाटल्या तशाच सोडून यायचं, हे त्यांच्या हातून होत नाही. गिऱ्हाइकांना म्हणतात तेच त्या सहलीला आलेल्यांनाही बिनधास्त ऐकवतात, "जेवले तिथलं ताट तरी उचला ना बाप्पा."

आणि दिसेल ते डोळे भरून पाहायचं. जिवतीच्या डोंगरात अस्वल दिसलं, तेव्हा आठवडाभर त्यांनी गिऱ्हाइकांना वरणासोबत अस्वलच वाढलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघं चिमूरच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका जुन्या तलावावर गेले. जवळच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची सुकरी त्यांची मैत्रीण. तीही पोतं धरायला आली. काठावर कुणीतरी पार्टी करून गेलं होतं. प्लास्टिकचे ग्लास, चिवड्याची पाकिटं, फुटलेल्या काचा. तिघांनी वाकून वाकून दोन पोती भरली, आणि तेवढ्यात सुकरी थबकली.

"बाई, तिकडं पाण्यात काहीतरी तडफडून राह्यलं."

बाईंनी दुर्बीण लावली. पाण्यातल्या वाळक्या झाडाच्या बुंध्याला नायलॉनचं फाटकं जाळं अडकलं होतं आणि त्यात एक तपकिरी, केसाळ पिल्लू गुरफटलं होतं. मांजराएवढंच, पण शेपूट जाड आणि पंजे पडद्याचे. भोवती दोन मोठी डोकी पाण्यातून वर येत होती, शीळ घालत होती, पुन्हा बुडत होती.

"पाणमांजर आहे वो," सुकरी कुजबुजली. "मायबाप फिरून राह्यले."

आजवर बाईंनी पाणमांजर पाहिलं नव्हतं. त्यांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढलीच नाही.

गुणवंतरावांनी वनरक्षकाला फोन लावायला मोबाईल काढला. रेंज नव्हती. पिल्लाचं नाक आता मधूनमधून पाण्याखाली जात होतं. बाईंनी पोत्यांची सुतळी कापायला आणलेली कात्री घेतली, पदर खोचला आणि सरळ पाण्यात उतरल्या.

"अवो, थांब ना! चावते ते," गुणवंतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता स्वतःच मागून उतरले.

पाणी कमरेपर्यंत आलं. मोठी पाणमांजरं हाताच्या अंतरावर येऊन फुसफुसू लागली. गुणवंतरावांनी गळ्यातला दुपट्टा दुहेरी करून पिल्लावर टाकला आणि ते दाबून धरलं. दुपट्ट्यातूनही पिल्लानं दात रोवलेच, बोट तेवढं वाचलं.

"लवकर काप वच्छला, घसरून राह्यलं हे."

"कापूनच राह्यली. हलू नका तुम्ही."

मानेभोवतीचा दोरा सुटला, मग पंजा, मग शेपूट. शेवटचा फास तुटताच दुपट्ट्यातून ते सुळकन निसटलं आणि पाण्यात गडप झालं. दोघं तिथंच पाण्यात उभे राहिले. पलीकडे, लव्हाळ्यापाशी, तीन डोकी वर आली. दोन मोठी आणि मध्ये एक छोटं. आईनं पिल्लाची मान चाटली आणि सगळी लव्हाळ्यात शिरली.

काठावर आल्यावर बाई ओल्या लुगड्यानिशी चिखलातच बसल्या आणि हसत सुटल्या. सुकरीही हसू लागली. गुणवंतराव दुपट्ट्याला पडलेली भोकं दोघींना पुन्हा पुन्हा दाखवत होते.

आता खोल पाण्यात पसरलेलं उरलेलं जाळं काढायचं होतं, आणि त्याला डोंगा, म्हणजे छोटी होडी लागणार होती. डोंगा लटारूभाऊंचा. ते या तलावात मासे धरायचे. बाईंनी जाऊन विचारल्यावर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"माहे मासे खाते ते जनावर, बाई. त्यायच्यासाठी मी डोंगा काढू?"

"जाळं तुमचेही मासे मारूनच राह्यलं ना, भाऊ," बाई म्हणाल्या. "आत सडलेले पाहून घ्या."

लटारूभाऊ पाठ फिरवून चालू लागले. पण पुढच्या रविवारी बाई पोहोचल्या तेव्हा डोंगा पाण्यात तयार होता. खानावळीत जेवायला येणारे चार खाणकामगारही रात्रपाळी संपवून, न झोपता, मोटारसायकलींवर मागोमाग आले होते. आठवडाभर गोष्ट ऐकून त्यांना राहवलं नव्हतं. दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून जाळं ओढून काढलं.

सगळे भाकरी खायला बसले, तोच समोरच्या काठावर हालचाल झाली. सगळं कुटुंब बाहेर आलं होतं. छोटं ओल्या उतारावरून पोटावर घसरत पाण्यात पडलं, धावत वर गेलं आणि पुन्हा घसरलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. हातातले घास हातातच राहिले.

लटारूभाऊंनी हळूच हात पुढे केला.

"दुर्बीण देजा वो जरा," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ ती कुणालाच परत मिळाली नाही.